कुठलं ऑरगॅनिक ॲसिड कशात विरघळतं: पाठ करण्याआधी मेल्टिंग पॉइंट बघ

प्रश्न असा आला होता: टीवायला केमिस्ट्री आहे, प्रॅक्टिकलला बायनरी मिक्श्चर येतं, बेंझोइक ॲसिड थंड पाण्यात विरघळत नाही पण टोल्युइनमध्ये विरघळतं, सायट्रिकचं बरोब्बर उलटं, सॅलिसिलिक कुठे बसवायचं ते कळत नाही, पुस्तकागणिक आकडे वेगळे आणि ‘लाइक डिझॉल्व्ज लाइक’ (पोलर पदार्थ पोलरमध्ये विरघळतो, नॉनपोलर नॉनपोलरमध्ये) लावलं तर अर्धीच उत्तरं जुळतात. मग हे सगळं पाठ करायचं का यात काही लॉजिक आहे?

लॉजिक आहे, आणि चांगलं भक्कम आहे. मी अंबरनाथ-तळोजा पट्ट्यात प्रोसेस डेव्हलपमेंटला होते, त्यातला मोठा भाग हाच की ॲसिड कशात विरघळवायचं, कशातनं खाली पाडायचं आणि मदर लिकरमध्ये (क्रिस्टल गाळल्यावर उरणाऱ्या सोल्युशनमध्ये) किती जाणार, त्यामुळे खाली जे लिहितेय ते वापरून वापरून पक्कं झालेलं आहे. आणि एक गोष्ट मला अगदी मनापासून सांगायची आहे, ती म्हणजे सगळे जण सॉल्व्हंटकडे बघत बसतात, पोलर का नॉनपोलर, आणि ॲसिडचा क्रिस्टल स्वतःला किती घट्ट धरून बसलाय हे कुणी बघतच नाही. अर्धी उत्तरं जुळत नाहीत ती तिथेच.

आधी जिथे ‘लाइक डिझॉल्व्ज लाइक’ चालतं ते पटकन बघून घेऊ. फॉर्मिक, ॲसेटिक, प्रोपिओनिक, ब्युटिरिक ही चारही पाण्यात कितीही घाला, मिसळतात. पाच कार्बनच्या व्हॅलेरिकला १०० मिली पाण्यात साधारण ५ ग्रॅम, सहा कार्बनच्या हेक्झॅनॉइकला १ ग्रॅमच्या आसपास आणि आठ कार्बनच्या ऑक्टॅनॉइकला जेमतेम ०.०७ ग्रॅम. शेपटी वाढली की पाणी नको म्हणतं, सरळ हिशोब. पण यातली सगळी रूम टेंपरेचरला लिक्विड आहेत हे लक्षात घे (ॲसेटिक १६.६ डिग्रीला गोठतं, मुंबईत ते गोठलेलं सहसा बघायला मिळत नाही). लिक्विडला क्रिस्टल मोडायचा खर्चच नसतो, म्हणून तिथे नियम सुरळीत चालतो. सॉलिड आलं की चित्र बदलतं.

मॅलेइक आणि फ्युमॅरिक घे. फॉर्म्युला एकच, दोन्हीला दोन-दोन कार्बोक्सिल (COOH, ॲसिडचा गट), फरक फक्त सिस आणि ट्रान्सचा, म्हणजे दोन्ही गट एकाच बाजूला का विरुद्ध बाजूंना. पोलर-नॉनपोलरच्या भाषेत दोघांमध्ये थोडाफार फरक निघेल, पण प्रत्यक्ष आकडे बघ, २५ डिग्रीला १०० मिली पाण्यात मॅलेइक ७८ ग्रॅमच्या आसपास जातं आणि फ्युमॅरिक ०.६३ ग्रॅम. शंभरपटीपेक्षा जास्त! आता मेल्टिंग पॉइंट बघ, मॅलेइकचा १३० ते १४० च्या दरम्यान आणि फ्युमॅरिकचा बंद नळीत २८७. फ्युमॅरिकचा रेणू सरळ, दोन्ही टोकांना कार्बोक्सिल, त्यामुळे एकाचं टोक दुसऱ्याच्या टोकाला हायड्रोजन बाँडने जोडलं जाऊन लांबच लांब साखळ्या होतात आणि त्या साखळ्या विटा रचाव्यात तशा एकमेकींवर बसतात. मॅलेइक वाकडं आहे, त्याच्या एका कार्बोक्सिलचा हायड्रोजन बाँड स्वतःच्याच दुसऱ्या कार्बोक्सिलशी होतो, त्यामुळे बाहेर शेजाऱ्याला धरायला हात कमी उरतात. तुमच्या प्रॅक्टिकलला असेल तर नीट बघून घे, मॅलेइकचं स्वच्छ सोल्युशन, त्यात कॉन्सन्ट्रेटेड हायड्रोक्लोरिक टाकून गरम केलं की थोड्या वेळाने उकळत्या पाण्यातच पांढरे क्रिस्टल दिसायला लागतात, बाहेरून काही घातलेलं नाही, थंड केलेलं नाही, नुसतं सिसचं ट्रान्स झालं आणि ते पाण्यात मावेना.

टेरेप्थॅलिकचंही तेच. बेंझोइकला अजून एक कार्बोक्सिल लावला म्हणजे पाण्याशी जास्त जमेल असं कुणालाही वाटेल. शेजारी लावला तर खरंच होतं, प्थॅलिक ॲसिड १०० मिलीत ०.६ ग्रॅम जातं, बेंझोइकच्या दुप्पट. पण समोरासमोर लावला की टेरेप्थॅलिक होतं आणि ते जातं ०.००१७ ग्रॅम, म्हणजे नाहीच म्हण. नेहमीच्या कुठल्याच सॉल्व्हंटला ते दाद देत नाही, डीएमएसओ किंवा डीएमएफ लागतं. पॉलिएस्टरसाठी ते शुद्ध करायचं असतं तेव्हा प्लांटमध्ये प्रेशरखाली २८० डिग्रीच्या आसपास तापवलेल्या पाण्यातून क्रिस्टलाइझ करतात, तेवढ्या टेंपरेचरला कुठे ते पाण्यात उतरतं.

अजून एक उदाहरण देते कारण हे मला फार आवडतं. ऑक्झॅलिक, मॅलोनिक, सक्सिनिक, ग्लुटारिक, ॲडिपिक, एकेक कार्बन वाढवत गेलो तर पाण्यातली विद्राव्यता हळूहळू उतरत जायला हवी ना? तशी ती उतरत नाही, वर-खाली वर-खाली जाते. ऑक्झॅलिक ९.५ ग्रॅम, मॅलोनिक ७० च्या वर, सक्सिनिक परत ७-८ वर, ग्लुटारिक पुन्हा कित्येक पट जास्त, ॲडिपिक एकदम २ च्या आसपास. सम कार्बनवाल्यांची रचना क्रिस्टलमध्ये नीट बसते, विषम वाल्यांची थोडी पिळलेली राहते, मेल्टिंग पॉइंटही तसेच वर-खाली जातात. मेल्टिंग पॉइंटमधली ही सम-विषमची लय बायर यांनी १८७७ मध्येच फॅटी ॲसिड्समध्ये दाखवली होती. म्हणून सांगते, दोन सारखी दिसणारी ॲसिडं समोर आली तर आधी मेल्टिंग पॉइंट बघ, ज्याचा जास्त ते बहुतेक वेळा सगळ्याच सॉल्व्हंटमध्ये कमी विरघळणार.

आता तुझं सॅलिसिलिक. इथे दुसरा प्रश्न येतो, सॉल्व्हंट ॲसिडला बदल्यात काय देतो. ॲसिडचा रेणू क्रिस्टलमधून निघताना शेजाऱ्याशी असलेला हायड्रोजन बाँड सोडतो, मग समोरच्याकडे तो बाँड घ्यायला ऑक्सिजन आहे का? १ ग्रॅम विरघळवायला किती मिली लागतं ते सांगते, रूम टेंपरेचरला. बेंझोइकला अल्कोहोल साधारण २.३ मिली, ॲसिटोन ३, ईथर ३, क्लोरोफॉर्म ४.५, बेंझीन १०. सॅलिसिलिकला अल्कोहोल २.७, ॲसिटोन ३, ईथर ३, क्लोरोफॉर्म ४२, बेंझीन १३५. परत एकदा सावकाश वाच. ज्यांच्याकडे हायड्रोजन बाँड घ्यायला ऑक्सिजन आहे त्या तिघांत दोघं जवळजवळ सारखी आहेत, आणि ज्यांच्याकडे नाही त्या दोघांत सॅलिसिलिक नऊ-दहा ते तेरा पटीने मागे पडलं. सॅलिसिलिकचा मेल्टिंग पॉइंट १५८-१५९, बेंझोइकचा १२२, म्हणजे सॅलिसिलिकचा क्रिस्टल मोडायला जास्त महाग, तो खर्च ईथर-अल्कोहोल भरून काढतात, बेंझीन-क्लोरोफॉर्म भरून देत नाहीत. सॅलिसिलिकचा ओएच (हायड्रॉक्सिल गट) शेजारच्या कार्बोक्सिलशी आतल्या आत बांधलेला आहे म्हणून ते एवढं तरी विरघळतं, तोच ओएच समोरच्या बाजूला नेला, म्हणजे पॅरा हायड्रॉक्सी बेंझोइक, की मेल्टिंग पॉइंट २१४ वर जातो आणि क्लोरोफॉर्ममध्ये फारच कमी उतरतं. पाण्यात मात्र ते सॅलिसिलिकच्या दुप्पट जातं, कारण बाहेर मोकळा ओएच पाण्याला आवडतो. म्हणजे एकच बदल, पाण्यात फायदा आणि क्लोरोफॉर्ममध्ये तोटा.

सायट्रिक आणि टार्टारिकचं यात लगेच बसतं. तीन-तीन कार्बोक्सिल नाहीतर दोन-दोन ओएच, पाण्यात १०० मिलीला १४० ग्रॅमच्या आसपास जातात, अल्कोहोलमध्येही बऱ्यापैकी, ईथरमध्ये अगदी थोडं (टार्टारिकच्या १ ग्रॅमला ईथर २५० मिली लागतं) आणि टोल्युइन-क्लोरोफॉर्ममध्ये शून्यच धर. पावसाळ्यात सायट्रिकची पिशवी उघडी राहिली की दगड होतो तो याच पाण्याच्या प्रेमापायी.

मग बेंझोइक बेंझीनमध्ये १० मिलीला १ ग्रॅम तरी कसं जातं, तिथे तर ऑक्सिजन नाही? जोडी करून जातं. दोन रेणू समोरासमोर येऊन एकमेकांचे हायड्रोजन बाँड धरतात, डायमर होतो, पोलर भाग आत झाकला जातो आणि बाहेर नुसत्या बेंझीनच्या रिंगा दिसतात. हे तू स्वतः मोजू शकतेस. नर्न्स्टचा डिस्ट्रिब्युशन लॉ १८९१ चा, त्याचं प्रॅक्टिकल बऱ्याच कॉलेजांत असतं, बेंझोइक पाणी आणि टोल्युइनमध्ये हलवायचं (बेंझीन कॅन्सरकारक आहे, ते आता वापरूच नका), दोन्ही लेयर कॉस्टिकने (सोडियम हायड्रॉक्साइडने) टायट्रेट करायचे, म्हणजे किती कॉस्टिक लागलं त्यावरून ॲसिड मोजायचं. पाण्यातलं कॉन्सन्ट्रेशन भागिले टोल्युइनमधलं असं काढलं तर प्रत्येक बाटलीला आकडा वेगळा येतो आणि पोरं म्हणतात रीडिंग चुकलं. चुकलेलं नसतं. पाण्यातलं कॉन्सन्ट्रेशन भागिले टोल्युइनमधल्याचं वर्गमूळ काढ, आकडा जवळजवळ स्थिर येतो, कारण ॲसिडचे रेणू पाण्यात एकेकटे आणि टोल्युइनमध्ये जोडीने फिरतात. त्यातनंच हेही कळतं की भरपूर ॲसिड असेल तेव्हा टोल्युइन चांगलं ओढतं आणि पातळ सोल्युशनमधून ओढायला आळस करतं. उरलंसुरलं काढायचं असेल तर इथिल ॲसिटेट किंवा एमटीबीई (मिथिल टर्शरी ब्युटिल ईथर) घ्यावं.

पुस्तकागणिक आकडे वेगळे का, याचं उत्तर बहुतेक वेळा टेंपरेचर. बेंझोइक १०० मिली पाण्यात ० डिग्रीला ०.१७ ग्रॅम, २५ ला ०.३४, ४० ला ०.५५, ७५ ला २.१ आणि १०० ला ५.६. म्हणजे खरी उडी शेवटच्या पंचवीस डिग्रीत आहे. म्हणून रिक्रिस्टलायझेशनला ‘गरम पाणी’ म्हणजे उकळतंच हवं, ७५ चं चालत नाही, आणि फनेल गरम केलेलं नसेल तर गाळताना फनेलच्या दांडीतच सगळं घट्ट होतं, वर सोल्युशन तुंबून बसतं आणि मग लोक तो बोळा काढताना कागद फाडतात. फनेल आधी उकळत्या पाण्यात ठेव, पाणी हिशोबापेक्षा थोडं जास्त घे. आणि पुस्तकातलं रूम टेंपरेचर २० नाहीतर २५ असतं, आपल्या लॅबमध्ये एप्रिलमध्ये एसी नसेल तर ३२-३३ सहज, त्यामुळे बर्फात न ठेवता गाळलंस तर यील्ड कमी येणारच, त्यात तुझी चूक नाही.

याच ठिकाणी एक गोष्ट हमखास गोंधळात टाकते. उकळत्या पाण्यात बेंझोइक जास्त झालं की तळाला तेलासारखे थेंब दिसतात. मेल्टिंग पॉइंट १२२, पाणी १०० ला, मग वितळलं कसं? इम्प्युरिटी आहे म्हणून, असं सांगितलं जातं, ते कधी कधी खरं असतंही, पण शुद्ध बेंझोइकही असं करतं, कारण त्यात पाणी विरघळलं की ते ९५ च्या जवळपासच पातळ होतं. प्लांटच्या भाषेत ऑइल आउट झालं. तसंच थंड केलं तर थेंब गोळे होऊन घट्ट होतात आणि आत सगळी घाण अडकवतात. तेल दिसलं की अजून उकळतं पाणी घाल, ते नाहीसं होईपर्यंत, मग सावकाश थंड कर. ॲस्पिरिनला मात्र हे पाणी उकळायचं धोरण लावू नकोस, गरम पाण्यात ते हळूहळू फुटून सॅलिसिलिक आणि ॲसेटिक होतं, त्याला अल्कोहोलमध्ये विरघळवून पाणी घालत पाडायचं.

अल्कोहोलवरनं आठवलं, मिथेनॉलमध्ये ॲसिड छान विरघळतं म्हणून सरसकट मिथेनॉल उकळू नये. आधीच्या स्टेपचं सल्फ्युरिक थोडं जरी राहिलं असेल तरी एस्टर व्हायला लागतो. सॅलिसिलिकच्या बाबतीत नाकालाच कळतं, कंबर दुखली की चोळतात त्या बामचा, गंधपुऱ्याच्या तेलाचा वास फ्लास्कमधून आला म्हणजे मिथिल सॅलिसिलेट तयार होतंय. ऑक्झॅलिक तर स्वतःच इतकं तेज आहे की त्याला दुसरं ॲसिड लागतही नाही.

आता सगळ्यात मोठी कळ, पीएच. आतापर्यंत बोललो ते ॲसिड ॲसिड असतानाचं. कॉस्टिक किंवा बायकार्ब (सोडियम बायकार्बोनेट) लागलं की ते सॉल्ट होतं आणि सॉल्ट हा वेगळाच पदार्थ, पाण्यात सोडियम बेंझोएट १०० मिलीला ६० ग्रॅमच्या वर जातं आणि टोल्युइनमध्ये अजिबात नाही. मधला हिशोब पीकेएने करायचा, म्हणजे ज्या पीएचला निम्मं ॲसिड सॉल्ट झालेलं असतं तो आकडा. बेंझोइकचा पीकेए ४.२, पाण्याचा पीएच ४.२ असेल तर निम्मं ॲसिड, निम्मं सॉल्ट, म्हणजे विद्राव्यता दुप्पट, ०.६८ ग्रॅम. पीएच ५.२ ला अकरा पट, ३.७ ग्रॅम. ६.२ ला कागदावर शंभर पट. उलट्या दिशेने ३.२ ला फक्त दहा टक्के जास्त आणि २.२ ला नगण्य. त्यामुळे ॲसिड पाडताना पीएच पीकेएच्या दोन खाली न्यायचा, बेंझोइकला २, सॅलिसिलिकला १, कारण त्याचा पीकेए ३ च्या जवळ आहे. ‘लिटमस लाल झाला’ एवढ्यावर थांबणं म्हणजे माल मोरीत सोडणं. लिटमस पाचच्या आसपासच लाल दिसायला लागतो, तिथे तुझं बेंझोइक बऱ्यापैकी पाण्यातच बसलेलं असतं.

यावरच तुझं बायनरी मिक्श्चर उभं आहे. दोनाऐवजी तीन पदार्थ घेऊन बघू, समज बेंझोइक, बीटा नॅप्थॉल आणि नॅप्थलीन एकत्र आहेत. सॉल्व्हंटमध्ये सगळं विरघळव, बायकार्बने धू. कार्बोनिक ॲसिडचा पहिला पीकेए ६.३५, त्यामुळे चार-पाच पीकेएचं कार्बोक्सिलिक ॲसिड बायकार्बला हरवतं, बुडबुडे येतात, सॉल्ट होऊन पाण्यात उतरतं, आणि साडेनऊ पीकेएचा नॅप्थॉल तिथेच राहतो. मग कॉस्टिकने धुतलं की नॅप्थॉल उतरतो, नॅप्थलीन राहतं. बायकार्बने धुताना सेपरेटिंग फनेलचं बूच लगेच लावू नकोस, आधी उघड्यावर ढवळ, गॅस जाऊ दे, मग बूच लाव आणि उलटं करून कॉक उघडत राहा. डायनायट्रोफेनॉल, पिक्रिक यांसारखे फेनॉल बायकार्बमध्ये जातात, ते अपवाद लक्षात ठेव. आणि सायट्रिक, टार्टारिक, ऑक्झॅलिक असेल तर ही पद्धत फसते, कारण पीएच १ ला आणलं तरी ते पाण्यातच राहतं, खाली पडत नाही, तिथे उलट साध्या पाण्यानेच ते बाकीच्यांपासून वेगळं काढायचं. बेंझोइक आणि सॅलिसिलिक दोन्ही एकत्र आली तर बायकार्बने वेगळी होत नाहीत, टोल्युइनमध्ये एक जास्त आणि एक कमी जातं त्याने थोडं काम होतं पण स्वच्छ होत नाही, फेरिक क्लोराइडने जांभळा रंग येतोय का बघून सॅलिसिलिक किती उरलंय ते तपासत राहायचं.

सॉल्व्हंट कुठला घ्यायचा तर पुस्तकात ईथर लिहिलेलं असतं. ईथर ३४.६ डिग्रीला उकळतं. मे महिन्यात प्रिन्सेस स्ट्रीटवरून आणलेली बाटली लॅबमध्ये पोचेपर्यंत उकळायच्या बेतात असते, झाकण उघडताना फुस्स होतं, वाफ टेबलाच्या खाली खाली पसरते आणि लांबच्या बर्नरपर्यंत जाते. एमटीबीई ५५ ला उकळतं, काम तेच करतं, मी तेच सुचवेन. इथिल ॲसिटेटही चालतं, फक्त कॉस्टिकबरोबर जास्त वेळ ठेवू नकोस, त्याचं स्वतःचंच ॲसिटेट व्हायला लागतं, आणि ते पाण्यात साधारण ८ टक्के जातं म्हणून मिठाच्या पाण्याने धुवावं.

पाण्याचंही बघ. भातसा-तानसाचं नळाचं पाणी बऱ्यापैकी सॉफ्ट आहे, पण बिल्डिंगला टँकर किंवा बोअरचं पाणी येत असेल तर ऑक्झॅलिक टाकल्या टाकल्या पाणी दुधाळ होतं आणि वाटतं ॲसिड विरघळलंच नाही. ॲसिड विरघळलेलं असतं, खाली बसलेलं कॅल्शियम ऑक्झॅलेट असतं, ते कितीही गरम केलं तरी जाणार नाही. डिस्टिल्ड वॉटर वापर.

आणि ॲसिड पाडताना हायड्रोक्लोरिक थेंबाथेंबाने घाल, बायकार्ब उरलेलं असतं, फेस बीकरच्या बाहेर येतो. पीएच पेपरवर २ दिसला तरी लगेच फिल्टर लावू नकोस. पांढऱ्या गोळ्यांच्या आत सॉल्ट अडकलेलं असतं, ते हळूहळू बाहेर येतं आणि पीएच परत वर चढतो. दहा मिनिटं ढवळ, गोळे काचेच्या दांडीने फोड, परत पेपर लाव, चढला असेल तर अजून ॲसिड, मग बर्फात अर्धा तास ठेव आणि बर्फाच्या थोड्याशाच पाण्याने धू, पाणी जास्त घेतलंस तर माल त्याच्याबरोबर जाईल.